लढाई आखातात, रॉकेल बंद आपल्या पाड्यावर

(सप्टेंबर १९९१. आवणी उरकल्यावर झालेल्या कार्यकर्ता शिबिरात संघटनेच्या एका तरुण कार्यकर्तीने केलेले भाषण. ज्या पाड्यांवरून कोणी येऊ शकले नाही, त्यांच्यासाठी लिहून काढून छापत आहोत. पाड्यावरच्या बैठकीत मोठ्याने वाचावे.)



मागच्या बैठकीत एका म्हाताऱ्या बाबाने विचारलं होतं, "लढाई झाली तिकडं अरबाच्या मुलखात. आपला देश त्यात नव्हता. आपला एक शिपाई तिकडं गेला नाही. मग रेशनच्या दुकानात रॉकेलचा ड्रम का येत नव्हता? आणि लढाई संपून सहा महिने झाले, तरी महागाई का संपत नाही?" तेव्हा कोणाला नीट उत्तर देता आलं नाही. शिबिरात यावर बोल असं मला सांगितलं, म्हणून मी पेपर वाचून, शहरातल्या साथींना विचारून हे जुळवलं आहे. बारावीपर्यंत शिकलेल्या माणसाला समजलं तेवढं सांगते.

आधी लढाई काय होती ते थोडक्यात. इराक आणि कुवेत हे शेजारी देश. दोघांच्याही जमिनीखाली तेल. इराण-इराकची लढाई १९८० ते १९८८ अशी आठ वर्षं चालली. त्यात इराक कर्जात बुडाला, आणि कुवेतचंही देणं त्याच्यावर होतं. २ ऑगस्ट १९९० ला इराकच्या सद्दाम हुसेनने कुवेतमध्ये फौज घुसवली आणि तो देशच गिळला. चार दिवसांनी युनोने ठराव केला की, इराककडून आणि कुवेतकडून कोणी तेल घ्यायचं नाही, त्यांना माल विकायचा नाही. पुढं १७ जानेवारी १९९१ ला अमेरिका आणि तिच्या साथीदारांनी बॉम्ब टाकायला सुरुवात केली. २८ फेब्रुवारीला लढाई थांबली. बॉम्ब पडले ते सहा आठवडे, पण आपला त्रास पहिल्या आठवड्यापासूनच सुरू झाला होता.

तेल आणि डॉलर

आपल्या देशाला लागतं त्यातलं निम्म्याहून जास्त तेल देशातच निघतं. मुंबईच्या समुद्रात बॉम्बे हाय म्हणून विहिरी आहेत, तिथून बरंच येतं. बाकीचं बाहेरून आणावं लागतं. त्याचा मोठा वाटा इराक आणि कुवेतकडून यायचा. ते दार एका रात्रीत बंद झालं. मग दुसऱ्या देशांकडं जावं लागलं, आणि तिथं भाव चढलेला.

हे तेल रुपयांत मिळत नाही, डॉलरमध्ये मिळतं. डॉलर म्हणजे अमेरिकेचा पैसा. समजा बाजारात एक शेठ मीठ विकतो, पण तो म्हणतो, मी पैसे घेणार नाही, फक्त डिंक घेईन. तुमच्या घरात भात असेल, वरई असेल, तरी डिंक नसला तर मीठ नाही. मग आधी जंगलात जाऊन डिंक गोळा करा, नाही तर ज्याच्याकडं डिंक आहे त्याच्याकडून उसना घ्या. देशाचं तसंच आहे. डॉलर मिळवायचे तर माल बाहेर विकायचा, नाही तर आपली माणसं बाहेर कामाला जाऊन घरी पैसे पाठवतील ते घ्यायचे, नाही तर कर्ज काढायचं. या लढाईत तिन्ही वाटांवर काटे पडले.

आता हिशोब बघा. तेलाचं एक पिंप म्हणजे सुमारे १५९ लिटर. लढाईच्या आधी पिंप साधारण १६ डॉलरला होतं आणि डॉलर साडेसतरा रुपयांना. म्हणजे पिंपाला २८० रुपये. ऑक्टोबर १९९० मध्ये पिंप ४० डॉलरपर्यंत गेलं, डॉलर १८ रुपये. म्हणजे ७२० रुपये. तेच तेल, तेच पिंप. देशाचं महिन्याचं तेलाचं बिल दुपटीच्या वर गेलं. डॉलर पुरेनात, म्हणून सरकारने तेल कमी वापरा असा हुकूम काढला. पेट्रोल-डिझेल महाग केलं. आणि तोडून तोडून माल द्यायची वेळ आली तेव्हा शेवटचा ड्रम कोणाचा तुटला? ज्या पाड्यावर वीज आहे त्याचा नाही. आपल्या बाया दोन दोन दिवस रांगेत बसून रिकामा डबा घेऊन घरी आल्या. पोरं चुलीच्या उजेडात जेवली.

डिझेल महागलं तेव्हा कोणी म्हणालं, आपल्याकडं कुठं गाडी आहे? पण मीठ, मिरची, तेल, कापड सगळं ट्रकमधून येतं. वीटभट्टीवर जायचं तर शेठच्या ट्रकमधून जातो आणि तो भाडं हिशोबात कापतो. एसटी डिझेलवर चालते. डहाणूच्या मच्छीमाराची होडी डिझेलवर चालते, म्हणून बाजारात बोंबील महाग. गाडी नसलेला माणूससुद्धा डिझेलचे पैसे भरतो, फक्त त्याला पावती मिळत नाही.

बाहेर गेलेली माणसं

कुवेतमध्ये आपल्या देशाची दीड लाखाहून जास्त माणसं कामाला होती. केरळची जास्त, पण आपल्या कोकणातली, रत्नागिरी-रायगडच्या खाडीकाठच्या गावांतली पण खूप. कोणी ड्रायव्हर, कोणी गवंडी, कोणी स्वयंपाकी. आपण भिवंडी-वसईला भट्टीवर जातो, तसे ते समुद्रापलीकडं गेलेले. फौज घुसली आणि सगळं ठप्प झालं. बँकेत ठेवलेले पैसे अडकले, कुवेतचा पैसा कागदाच्या मोलाचा झाला. माणसं बसने इराकमधून, वाळवंटातून जॉर्डनला गेली, तिथं तंबूत राहिली. तिथल्या अम्मान शहरातून एअर इंडियाच्या विमानांनी दोन महिने फेऱ्या करून लाखाहून जास्त माणसं मुंबईला आणली. हे काम सरकारने चांगलं केलं, ते चांगलंच म्हणायला पाहिजे.

पण ही माणसं रिकाम्या हाताने आली. त्यांची मनीऑर्डर बंद, म्हणजे देशाला मिळणारे तेवढे डॉलर बंद. इराकमध्ये आपल्या कंपन्यांनी रस्ते, रेल्वे, इमारती बांधल्या होत्या, त्याचे पैसे अडकले. तिकडं जाणारा माल थांबला. म्हणजे खर्च दुप्पट आणि कमाई कमी, दोन्ही एकाच वेळी.

तटस्थ राहणं सोपं नाही

आता परराष्ट्राचं बघू. नेहरूंच्या वेळेपासून आपलं धोरण असं की, मोठ्या देशांच्या भांडणात कोणाच्या गटात जायचं नाही. अलिप्त राहायचं. ऐकायला बरं वाटतं. पण तटस्थ राहायला पोटात अन्न लागतं.

ऑगस्ट १९९० मध्ये विश्वनाथ प्रताप सिंग पंतप्रधान होते आणि इंद्रकुमार गुजराल परराष्ट्रमंत्री. इराकने शेजाऱ्याचा देश गिळला हे चूक होतं, उघड चूक होतं. पण दीड लाख माणसं सद्दामच्या हातात अडकलेली. तेल त्याच्याकडचं. काश्मीरच्या प्रश्नावर इराक आपल्या बाजूने बोलायचा. म्हणून सरकार जपून जपून बोललं. गुजराल बगदादला गेले, सद्दामने त्यांना मिठी मारली, तो फोटो जगभर छापून आला. आपली माणसं सुटावी म्हणून ते गेले होते, आणि माणसं सुटलीही. पण कुवेतच्या आणि सौदीच्या लोकांना तो फोटो झोंबला. अमेरिकेलाही आवडला नाही.

मग नोव्हेंबरमध्ये सरकार पडलं. चंद्रशेखर पंतप्रधान झाले. तिजोरीत डॉलर संपत आलेले. जानेवारी १९९१ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून सुमारे १८० कोटी डॉलरचं कर्ज मिळालं. नाणेनिधी म्हणजे देशांना कर्ज देणारी पेढी, आणि त्या पेढीत सगळ्यात मोठा आवाज अमेरिकेचा. त्याच जानेवारीत फिलिपाईन्समधून आखातात जाणारी अमेरिकेची लष्करी विमानं आपल्याकडं उतरून तेल भरू लागली. मुंबईला, मद्रासला, आग्र्याला. ज्या देशात आपल्या बायांना रॉकेल मिळत नव्हतं, त्या देशात लढाईच्या विमानांना तेल मिळत होतं. पेपरात बातमी आली, देशभर ओरड झाली, काँग्रेसने पाठिंबा काढण्याची भाषा केली, तेव्हा फेब्रुवारीत ते बंद झालं. कर्जाच्या बदल्यात विमानं उतरू दिली असं लिहिलेला कागद कोणी दाखवलेला नाही. पण ज्याने सावकाराचं दार बघितलं आहे, त्याला कागदाची गरज नाही. सावकार कधी सांगत नाही की, माझ्या शेतावर फुकट ये. तो नुसता हाक मारतो आणि आपल्याला नाही म्हणता येत नाही.

युनोच्या सुरक्षा समितीत या वर्षापासून आपला देश बसतो. लढाई थांबल्यावर २ मार्चला ठराव आला, त्यावर आपण तटस्थ राहिलो. ३ एप्रिलला इराकवर कडक अटी घालणारा ठराव आला, त्याला आपण हात वर केला. दोन दिवसांनी कुर्द लोकांच्या प्रश्नावर ठराव आला, तेव्हा परत तटस्थ. कोणी म्हणेल हे धरसोड आहे. मी म्हणते हा अडलेल्या माणसाचा हात आहे. एकदा वर, एकदा खाली.

आणि ज्याने सरळ नाही म्हटलं, त्याचं काय झालं? येमेन नावाचा अरबांचा गरीब देश आहे. २९ नोव्हेंबर १९९० ला लढाईला परवानगी देणारा ठराव आला, तेव्हा येमेनने विरोधात मत दिलं. अमेरिकेने त्याची मदत तोडली. सौदी अरबस्तानात येमेनची लाखो माणसं मजुरी करत होती, त्यांचे हक्क आधीच काढून घेतले होते, ती माणसं परत आपल्या देशात ढकलली गेली. येमेनने कोणावर गोळी झाडली नव्हती. दोन रेडे झुंजतात तेव्हा शेताचा मालक कोणाच्या बाजूने आहे हे ते विचारत नाहीत. आवण तुडवलं जातंच.

भिंत वाळवीने आधीच खाल्ली होती

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण साहेब लोक इथं आपल्याला फसवतात. ते सांगतात, सगळं लढाईमुळं झालं. हे अर्धं खरं आहे. सरकार बरीच वर्षं कमाईपेक्षा जास्त खर्च करत होतं आणि बाहेरून कर्ज काढत होतं. त्यातलं बरंच कर्ज थोड्या मुदतीचं. झापाचा कूड वाळवीने आतून खाल्लेला असतो, वरून शेणाने सारवलेला असतो म्हणून दिसत नाही. वारा आला की पडतो. लढाई म्हणजे तो वारा. वाळवी आधीची.

भाव चढले, तसा बाहेरच्या लोकांचा आपल्यावरचा भरवसा उडाला. बाहेर राहणाऱ्या भारतीयांनी आपल्या बँकांत ठेवलेले डॉलर काढून न्यायला सुरुवात केली. नवं कर्ज कोणी देईना. मार्चमध्ये चंद्रशेखर यांनी राजीनामा दिला, बजेटसुद्धा पुरं झालं नाही. मे महिन्यात निवडणूक चालू असताना राजीव गांधींचा खून झाला. जूनमध्ये नरसिंह राव यांचं सरकार आलं, तेव्हा फक्त पंधरा दिवसांचा माल बाहेरून आणता येईल एवढीच परकी गंगाजळी उरली होती. हे खुद्द अर्थमंत्री मनमोहन सिंग यांनी बजेटच्या भाषणात सांगितलं.

मग काय केलं? घरात काही उरलं नाही की आपण बाईच्या पायातले चांदीचे वाळे घेऊन सावकाराकडं जातो. देशाने तेच केलं. मे महिन्यात २० टन सोनं स्वित्झर्लंडच्या बँकेला दिलं. जुलैमध्ये रिझर्व्ह बँकेचं सुमारे ४७ टन सोनं विमानाने मुंबईहून इंग्लंडला पाठवलं आणि गहाण ठेवलं.

त्याच जुलैच्या १ आणि ३ तारखेला रुपयाची किंमत कमी केली. डॉलर २१ रुपयांना होता, तो २६ च्या जवळ गेला. आता तो पहिला हिशोब परत करू. लढाई संपल्यावर तेलाचा भाव उतरला, पिंप २० डॉलरच्या आसपास आलं. पण २० डॉलरला आता २६ ने गुणा. ५२० रुपये. लढाईच्या आधी २८० होते. बाबा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथं आहे. लढाई संपली, तेल उतरलं, पण आपला रुपया पडला. म्हणून महागाई परत गेली नाही.

२४ जुलैच्या बजेटमध्ये रेशनची साखर किलोमागं ८५ पैशांनी वाढली. खताचा भाव ४० टक्के वाढवला. शेतकऱ्यांनी आणि खासदारांनी ओरड केली, तेव्हा तो ३० टक्क्यांवर आणला आणि लहान शेतकऱ्याला जुन्या भावाने देऊ म्हणाले. ओरड केली की उतरतं, हे ध्यानात ठेवा. पण लहान शेतकरी आहे हे दाखवायला सातबारा लागतो. एकसाली प्लॉट कसणाऱ्याकडं सातबारा कुठं आहे? ज्याची जमीन नावावर नाही, तो सरकारच्या लेखी लहान शेतकरीसुद्धा नाही.

आपल्यापर्यंत आणखी काय येणार

नाणेनिधी कर्ज देतो तेव्हा अटी घालतो. सरकारने खर्च कमी करायचा, सवलती कमी करायच्या, माल बाहेर जास्त विकायचा. आपल्यात लग्नगडी म्हणून चाल होती, ती आपल्या आज्यांना विचारा. लग्नासाठी शेठकडून थोडे पैसे घेतले आणि नवराबायको दोघं त्याच्या वाड्यावर राबत राहिले. कर्ज किती हे महत्त्वाचं नव्हतं, अट काय होती ते महत्त्वाचं होतं.

आणि बाहेर विकायचं म्हणजे काय विकायचं? गोव्याचं लोखंडाचं खनिज जपानला जातं. बस्तरमध्ये बैलाडिला डोंगर आहे, तिथलं खनिजही वीस वर्षांहून जास्त काळ जपानला जातं. तो डोंगर आदिवासींचा मुलूख आहे. डॉलरची भूक वाढली की डोंगराकडं आणि जंगलाकडं नजर जाणार, हे आपण आजच ओळखलं पाहिजे. जुन्या लोकांना माहीत आहे, दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी लढाईसाठी जंगलं तोडली. लढाई यूरोपात, कुऱ्हाड आपल्या रानात.

आता आपल्या कामाचं. गेल्या वर्षी १८ सप्टेंबर १९९० ला, म्हणजे आखाताचा गोंधळ चालू असतानाच, केंद्राच्या पर्यावरण आणि वन खात्याने परिपत्रकं काढली. २५ ऑक्टोबर १९८० च्या आधीपासून जे जंगलजमीन कसत आहेत, आणि राज्य सरकारच्या आधीच्या नियमात बसतात, त्यांच्या जमिनी नियमित करा, वाद असतील तर तपासा, असं त्यात आहे. येत्या १८ तारखेला त्याला वर्ष होईल. आपल्या तालुक्यात किती प्लॉट तपासले? आपण विचारायला गेलो तेव्हा एक साहेब म्हणाले, "देशावर संकट आहे, सोनं गहाण पडलंय, आणि तुम्ही जमिनी मागता? सरकारकडं पैसा कुठं आहे?"

ह्याचं उत्तर प्रत्येकाला पाठ पाहिजे. साहेब, रस्ता बांधायला डांबर लागतं, डांबर तेलातून येतं, त्याला डॉलर लागतो, हे कबूल. पण माझ्या आजाने फोडलेलं शेत माझ्या नावावर लिहायला काय लागतं? एक तलाठी, एक टेप, एक कागद आणि शाई. त्याला डॉलर लागत नाही. आखातातून काही आणावं लागत नाही. उलट शेत नावावर झालं तर आम्ही बांध घालू, दोन पोती जास्त पिकवू, आणि तेवढं धान्य तुम्हाला बाहेरून आणावं लागणार नाही. तुम्ही संकटाचं म्हणता, तर संकटात पहिलं काम हेच आहे.

अजून एक. तटस्थ राहणं म्हणजे गप्प राहणं नाही. आपण सद्दामच्या बाजूचे नाही आणि अमेरिकेच्याही नाही. कुवेत गिळला ते वाईट, कारण आपली जमीन गिळलेली आपण बघितली आहे. इराकच्या शहरांवर बॉम्ब टाकले तेही वाईट, कारण खाली आपल्यासारखी माणसं होती. दोन्ही बोलता येतं. पण ज्याच्या कणगीत दाणे आहेत त्यालाच मोठ्या आवाजात बोलता येतं. देशाचंही तेच, पाड्याचंही तेच.

म्हणून या महिन्याची कामं सांगते.

एक. प्रत्येक पाड्यावर प्लॉटधारकांची यादी करा. नाव, किती वर्षांपासून कसतो, किती जमीन.

दोन. फॉरेस्टने फाडलेल्या दंडाच्या जुन्या पावत्या शोधा. कुडात खोचल्या असतील, ट्रंकेत असतील. १९८० च्या आधीची पावती म्हणजे आपण तिथं होतो याचा त्यांनीच दिलेला पुरावा. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. मूळ पावती कोणाच्या हातात देऊ नका, नक्कल द्या.

तीन. रेशन दुकानात रॉकेल कधी आलं, किती आलं, किती वाटलं, हे पाड्यातल्या शाळेत जाणाऱ्या पोराकडून वहीत लिहून घ्या. लढाई संपली, तरी दुकानदार अजून लढाईचं नाव सांगतो. वही असेल तर त्याला विचारता येईल.

चार. भात झोडल्यावर प्रत्येक घरामागं एक पायली पाड्याच्या कणगीत टाका. आषाढ-श्रावणात शेठकडं जायची वेळ येऊ नये. ज्याला दाण्यासाठी हात पसरावा लागतो, त्याला अंगठा द्यावा लागतो.

१८ तारखेला सगळ्यांनी यादी घेऊन तालुक्याला यायचं आहे. बायांनी जास्त संख्येने यावं, कारण रॉकेलच्या रांगेत त्याच उभ्या होत्या.

जिंदाबाद.